जांभळ्या दह्याची साक्ष

मायक्रोस्कोपातून मी पाहिलेला पहिला जंतू लांब, काळा, टोकाला निमुळता आणि किंचित वाकलेला होता. मी तो जर्नलमध्ये मन लावून काढला. पेन्सिलीनं छान शेडिंग दिलं, बाण काढून ‘टोक’ असं लिहिलं आणि मॅडमना दाखवायला नेला. मॅडमनी आधी चित्र पाहिलं, मग माझ्या मायक्रोस्कोपात पाहिलं, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आता परत डोळा लाव,” त्या म्हणाल्या, “आणि पापणी मिचकव.”

मी मिचकवली. जंतू हलला.

“मॅडम, जिवंत आहे!” मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले.

तो माझ्या पापणीचा केस होता.

हे नातीला सांगितलं की ती पोट धरून हसते आणि विचारते, “आजी, तू खरंच इतकी येडी होतीस?” होते गं बाई. आणि येडेपणाचा थाट असा, की त्या वर्गात सगळ्यात हुशार मीच आहे अशी माझी पक्की समजूत होती. पापणी काय, कुणाचीही मधे येते. पण इतकी रेखीव पापणी काढणारी वर्गात मी एकटीच.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तीर्थपुरीच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. बारावी झाली आणि लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. हे अंकुशनगरला, साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे परत. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हात जोडून एकच मागितलं होतं, पोरीला शिकू द्या. मामंजी म्हणाले होते, शिकू दे की. त्यांना वाटलं, नवी नवरी आहे, चार महिन्यांत आपणच कंटाळेल.

मी बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतली. का घेतली? रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या मुलीनं घेतली होती आणि शब्द भारदस्त वाटला, म्हणून. माहेरी पत्र लिहिताना तो शब्द मी तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा वेगळा लिहिला.

पहिली दोन वर्षं रेटून नेली. तिसऱ्या वर्षी मात्र गाडी अडली ती एका रंगापाशी.

ज्यांनी ग्रॅम स्टेनिंग केलेलं नाही त्यांना सांगते, करायला ते फार सोपं आहे, म्हणजे बाकीच्यांना सोपं आहे. काचेच्या पट्टीवर जंतूंचा अगदी पातळ लेप द्यायचा. स्पिरिटच्या दिव्यावरून काच फिरवून तो लेप पक्का करायचा. त्यावर जांभळा रंग ओतायचा, मग आयोडीन, म्हणजे जांभळा आत घट्ट बसतो. मग स्पिरिटनं धुवायचं. आणि शेवटी गुलाबी रंग द्यायचा. काही जंतूंचं कवच असं जाड की स्पिरिटनं धुतलं तरी ते जांभळा सोडत नाहीत. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. काहींचं पातळ. ते स्पिरिटनं कोरे होतात आणि शेवटचा गुलाबी अंगावर घेतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. जंतू कोणता हे ओळखायची सुरुवात इथून, हा जांभळ्यांच्या घरचा का गुलाबींच्या. सगळी गंमत त्या मधल्या धुण्यात. कमी धुतलं तर सगळेच जांभळे दिसतात, जास्त धुतलं तर सगळेच गुलाबी.

माझे सगळे गुलाबी.

ह्याला कारण माझी आई आणि आमच्या मळ्यातली विहीर. विहिरीवर मोटर होती, पाट भरून वाहायचा आणि त्या वाहत्या पाण्यात आईनं मला धुणं शिकवलं. तिचा कायदा असा की पाणी नितळ येईस्तोवर खंगाळायचं, आणि नितळ आलं तरी वर दोन खंगाळे जास्तीचे द्यायचे, कारण मळ लबाड असतो, मागं लपून बसतो. हा कायदा माझ्या हाडात मुरला होता. जालन्यात आल्यावर त्यानं माझा पहिला घोटाळा केला. इथं नळाला पाणी येणार म्हटलं की बाया तव्यावरची पोळी टाकून धावायच्या आणि मी एका परकरावर तीन बादल्या उडवायची. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आत्याबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. “अगं, हितं काय तुझ्या बापाची विहीर चालू हाय का?”

आत्याबाईंच्या बोलण्यानं मी परकर आवरले. काच आवरली नाही. काचेवर स्पिरिट ओतताना आधी गर्द जांभळा ओघळ यायचा, मग फिका, मग नितळ. बाकीच्या मुली नितळ आलं की थांबायच्या. मी म्हणायची, थांब गं, लबाड आहे, आणि वर दोन खंगाळे. एकदा तर मला समाधान होईना म्हणून मी अंगठ्यानं हलकेच चोळलं. त्या दिवशी मायक्रोस्कोपात जांभळंही नव्हतं आणि गुलाबीही नव्हतं, लख्ख काच होती. मी लिहिलं, ‘जंतू आढळले नाहीत.’

हात मात्र जांभळे. बोटांना लागलेला तो रंग आठ-आठ दिवस जायचा नाही. मामंजी विचारायचे, “आज कुणाला मत देऊन आलीस?”

मग एक दिवस मॅडमनी सांगितलं, घरून थोडं दही आणा. दह्यातले जंतू प्रत्येकानं पाहायचे, कारण ते खात्रीचे. दही लावणारे जंतू ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे, हे ठरलेलंच. काही काड्यांसारखे, काही मण्यांची माळ केल्यासारखे. सगळ्यांचे जांभळे आले. माझ्या मायक्रोस्कोपात गुलाबी काड्या आणि गुलाबी मण्यांच्या माळा.

मॅडम म्हणाल्या, “अगं, तू दहीसुद्धा गुलाबी केलंस?”

आता इथं शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी म्हणाले, “मॅडम, दह्या-दह्यात फरक असतो. हे मस्तगडचं आहे.”

वर्ग इतका हसला की कोणीतरी स्पिरिटचा दिवा पालथा केला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं गुलाबी. मी दारात दिसले की मागचा बाक म्हणायचा, “गुलाबी आली, स्पिरिट लपवा.” माझी टेबलावरची जोडीदारीण, मनानं चांगली पण जिभेनं तिखट, मला म्हणायची, “तुझा नवरा तरी सावळाच राहिलाय ना गं? का त्याला पण धुतलंस?”

सहामाहीच्या प्रॅक्टिकलला मी नापास झाले.

मामंजींना ते दुकानातच कळलं, कुणीतरी कळवलं. संध्याकाळी मी खाली चहा घेऊन गेले तेव्हा ते एक पातेलं बोटाच्या पेरानं वाजवून बघत होते. पातेलं चांगलं का पोचट, ते आवाजावरून सांगायचे.

“नापास झालीस म्हणं.”

“एकाच विषयात, मामंजी. प्रॅक्टिकलमधे.”

“कायाचं प्रॅक्टिकल?”

“रंगाचं.”

पातेलं खाली ठेवलं गेलं. “रंगाचं? तीन वर्सं झाली, कालेजात तू रंग देऊन राह्यली?”

जिन्यावरून आत्याबाईंचा आवाज आला. “व्हळी खेळत्यात का काय तिथं? तरीच म्हटलं बोटं जांभळी कशी.”

“हे बघ बाई,” मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. “तुझ्या बापाला शब्द दिल्ता, शिकवीन म्हणून. तो मी पाळला. नापास झाली तरी शिकवीन, असा शब्द काही दिल्ता न्हाई. आता वार्षिकला बराबर पास झालीस तर पुढं एम.एस्सी. कर न्हाईतर आणखी काय कर, खर्चा माझा. न्हाई झालीस तर पुस्तकं बांधायची आन् अंकुशनगरला बिऱ्हाड मांडायचं. पोरगा तिथं हातानं भाकरी भाजून खाऊन राह्यला.”

मी मान हलवली. पातेलं वाजवून झालं होतं.

शनिवारी हे आले तेव्हा मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“क्वार्टर मिळून राह्यलंय,” हे म्हणाले. “मोरी मोठी हाय. पाणी चोवीस तास.”

“म्हणजे मी धुणं धुवावं?”

“मी पाणी म्हटलं. धुणं तू म्हटलीस.”

अंकुशनगर वाईट नव्हतं, आणि हे तर बिलकुल वाईट नव्हते. मला तिथं जायचंच होतं एक दिवस. पण पास होऊन जायचं होतं. ‘आमची सून शिकत होती, नापास झाली, म्हणून आली’ असं म्हणत कुणी माझी ट्रंक बसमधून उतरवावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. ट्रंकेलाही झालं नसतं. मी तिच्यावर कॉलेजचं नाव रंगवून घेतलं होतं.

माझी समजूत काढायला म्हणून ह्यांनी अंबडच्या बाजारातून एक साडी आणली होती. गर्द जांभळी, वांग्याच्या रंगाची. नळ आला त्या दिवशी मी ती पहिल्यांदा धुवायला काढली. पहिल्या बादलीत शाई झाली. दुसरीत फिकट. तिसरीत पाणी नितळ. आत्याबाई आत कणीक मळत होत्या, बघत नव्हत्या. मी वर दोन खंगाळे दिले. पाणी परत किंचित रंगलं. बघा, म्हटलं, लबाड! आणखी दोन दिले. परत रंग. मला चेव आला. मळाशी माझी खानदानी दुश्मनी.

“अगं ए!” आत्याबाई कणकेच्या हातानं मोरीच्या दारात. “साडी धुऊन राह्यली का साडीचा जीव घेऊन राह्यली?”

मी साडी उचलून धरली. वांग्याची साडी कांद्याच्या सालीची झाली होती. गुलाबी.

मी त्या गुलाबी साडीकडे बघत राहिले आणि मला हसू फुटलं. अंगावरून पाणी निथळतंय, पायाशी पाच बादल्यांचा सत्यानाश, आणि मी हसतेय. आत्याबाईंना वाटलं मला काहीतरी झालं.

“आत्याबाई, सापडलं!”

“काय सापडलं? साडी तर गेली!”

सापडलं होतं ते असं. पहिल्यांदा निघतो तो वरचा, उपरा रंग. तो संपला की पाणी एकदा नितळ येतं. तिथं थांबायचं असतं. त्यानंतर निघतो तो मळ नाही आणि लबाडही नाही, तो कापडाचा स्वतःचा रंग. आईचा कायदा मळासाठी होता, मी तो रंगाला लावत होते. जंतू बिचारे माझ्यासमोर प्रामाणिकपणे जांभळे होऊन बसत होते आणि मी त्यांना वर दोन खंगाळे देऊन देऊन गुलाबी कबूल करायला लावत होते. पोलिसांत गेले असते तर नाव काढलं असतं.

रात्रीच्या जेवणाला साडी दोरीवर वाळत होती. पुढच्या शनिवारी ह्यांनी विचारलं, “ही कोणती साडी?”

“तुम्ही आणलेली.”

“ती जांभळी होती.”

“होती.”

ह्यांनी पुढं काही विचारलं नाही. म्हणून तर संसार झाला.

सोमवारी मी मॅडमना गाठलं. म्हटलं, मला दुपारी लॅब उघडी द्या, मी फक्त दही रंगवीन. मॅडमनी स्पिरिटच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वेगळी लहान बाटली माझ्या हातात दिली. “एवढ्यात भागव.” मी घरून रोज डबीत दही नेऊ लागले. ताकाहूनही पातळ करून काचेवर लेप द्यायचा, जांभळा, आयोडीन, आणि मग स्पिरिट थेंबाथेंबानं, काचेकडे न बघता खाली पडणाऱ्या थेंबाकडे बघत. थेंब नितळ झाला की हात मागं. हात मागं घेणं किती अवघड असतं, हे ज्यांच्या हाडात पाट वाहतो त्यांनाच कळेल. पहिल्या दिवशी अर्धे गुलाबी. मग थोडे. मग एका दुपारी खिडकीतलं ऊन मायक्रोस्कोपाखालच्या आरशावर बरोबर पडलं होतं, आणि मी डोळा लावला तर जांभळ्या काड्या. पिकलेल्या जांभळासारख्या जांभळ्या, एकजात. मी पापणी मिचकवून बघितली, हलल्या नाहीत.

घरी आत्याबाईंना प्रश्न पडला. “वाटीभर दही रोज कुठं जाऊन राह्यलं गं?”

“कालेजात नेते.”

“खातीस?”

“न्हाई, रंगवते.”

त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी दुकानाकडे पाहिलं.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या सकाळी मी ती कांद्याच्या सालीची साडी नेसले. आत्याबाईंनी देवापुढं उभं केलं आणि हातावर दही-साखर ठेवली. शुभ कामाला निघताना देतात तशी. “आन् हे डब्यात पण दिलंय दही-धपाटं. दिवसभर उपाशी नको बसू. पास व्हय न्हाईतर नको होऊ, पण खाऊन घे.” हे त्या मामंजींना ऐकू जाणार नाही इतपत हळू म्हणाल्या.

बाहेरचे परीक्षक औरंगाबादहून आले होते. खुर्चीची धूळ आधी रुमालानं झटकायची, मग रुमाल झटकायचा, मग बसायचं, अशा प्रकारचे. प्रत्येकीला एक बंद नळी मिळाली, आत जंतू वाढवलेला. तो रंगवायचा, जांभळा का गुलाबी ते ओळखायचं, आकार सांगायचा आणि स्लाइड परीक्षकांना दाखवायची. सगळ्यात जास्त मार्क यालाच होते. हा गेला की सगळं गेलं.

मी लेप दिला. जांभळा दिला. आयोडीन दिलं. स्पिरिटचा थेंब नितळ झाला, हात मागं घेतला. गुलाबी दिला. धुतलं, टिपलं, साफ दिसावं म्हणून वर तेलाचा थेंब टाकून डोळा लावला.

गुलाबी. आखूड गुलाबी काड्या, नजर जाईल तिथवर.

मॅडम मागून जात होत्या. परीक्षेत त्यांना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी नुसतं वाकून पाहिलं आणि डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांत मला सगळं वर्ष दिसलं. मग त्यांनी बोटानं गोल फिरवून खूण केली, परत कर.

मी परत केलं. या खेपेला थेंब नितळ व्हायच्या जरासं आधीच हात मागं घेतला. डोळा लावला. गुलाबी.

आता आली पंचाईत. हा जंतू खरोखरच गुलाबींच्या घरचा होता, का माझा हात परत तीर्थपुरीच्या पाटावर गेला होता? अर्धं वर्ष मी सगळ्यांना गुलाबी केलं होतं. आता एखादा खराच गुलाबी आला तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? मॅडम नाही. जोडीदारीण नाही, ती माझ्या मायक्रोस्कोपाकडे बघून ओठ चावून हसत होती. खरं म्हणजे माझाही माझ्यावर नव्हता. एक विचार आला, सरळ ‘जांभळा’ लिहून द्यावं. नाव तर पुसलं जाईल. मी पेन उचललंसुद्धा. आणि पेन धरलेल्या हाताला मला वास आला. सकाळच्या दह्याचा.

त्या अख्ख्या कॉलेजात एकाच गोष्टीचा रंग मला शपथेवर माहीत होता, आणि ती दाराबाहेर माझ्या पिशवीतल्या डब्यात होती.

मी उठून परीक्षकांपुढं गेले.

“सर, माझा डबा आणू का?”

“भूक लागली?”

“न्हाई सर. दही पाहिजे.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मॅडमनी भिंतीला हात टेकला. परीक्षकांनी रुमाल बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला.

“दही कशाला?”

“सर, मला माझ्या हाताची खात्री न्हाई. दही जांभळंच असतं. एकाच काचेवर एका बाजूला दही आणि एका बाजूला तुमचा जंतू ठेवते. दोघांना एकाच वेळी धुते. दही गुलाबी झालं तर मी जास्त धुतलं. दही जांभळं राहिलं, तर मग गुलाबी जो आहे तो खराच गुलाबी आहे.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, संपलं, बांध ट्रंक.

“आणा,” ते म्हणाले.

धपाट्याच्या घडीतून थोडं दही निघालं. मी ते पाण्यात पातळ केलं. काचेच्या डाव्या अंगाला दही, उजव्या अंगाला नळीतला जंतू, मधे काचेवर उमटणाऱ्या पेन्सिलीनं रेघ. जांभळ्यात दोघंही बुडाले. आयोडीनमध्ये दोघंही. मग स्पिरिट. थेंब गर्द, थेंब फिका, थेंब नितळ. माझा हात वर दोन खंगाळ्यांसाठी शिवशिवला, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्या हातानं त्या हाताचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. जोडीदारीण नंतर सांगायची, गुलाबी स्वतःशीच कुस्ती खेळत होती.

गुलाबी दिला. टिपलं. खिडकीजवळ नेलं, आरसा फिरवून ऊन धरलं, तेल टाकलं. आधी डावीकडे.

जांभळं! मण्यांच्या माळा, काड्या, सगळं कसं वांग्याच्या साडीसारखं, बाजारातून नुकती आणलेली. मग मी काच हळूच सरकवली, रेघ ओलांडली. गुलाबी. एकही जांभळा नाही. मी परत डावीकडे गेले, परत उजवीकडे. जांभळं, गुलाबी. जांभळं, गुलाबी. मला इतका आनंद झाला होता की मी उगीच चार-पाच फेऱ्या मारल्या, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारख्या.

मी हात वर केला. परीक्षक आले, वाकले. डावीकडे पाहिलं. काच सरकवली, उजवीकडे पाहिलं. परत डावीकडे. मीही तेच केलं होतं, त्यामुळे मला कळलं की माणूस खूश आहे.

“मॅडम, या जरा,” ते म्हणाले.

मॅडम आल्या, वाकल्या, आणि त्यांचं डोकं बराच वेळ वर आलं नाही. आलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. तेलाच्या वासानं झाले असतील. त्या मला तसंच म्हणाल्या.

“लिहा, काय ते,” परीक्षक मला म्हणाले. मी लिहिलं, ‘ग्रॅम निगेटिव्ह, आखूड काड्या,’ आणि एवढं ठळक लिहिलं की कागद फाटला.

“एक प्रश्न,” ते म्हणाले. “दही गुलाबी झालं असतं तर काय केलं असतं?”

“तर मी खोटी, सर. जंतूचं मंग काहीच सांगता आलं नसतं. परत धुतलं असतं.”

“आणि परत गुलाबी झालं असतं तर?”

“मंग अंकुशनगर.”

त्यांना अर्थातच कळलं नाही. पण ते हसले, आणि जाता जाता माझ्या डब्याकडे बघून म्हणाले, “दही चांगलं लागलेलं दिसतंय. विरजण घरचंच?”

“आत्याबाईंचं, सर.”

घरी मी पळतच गेले. दुकानापाशी थांबलेसुद्धा नाही, सरळ वर. “आत्याबाई, तुमच्या दह्यानं मला वाचवलं!”

“मंग! म्हटलं न्हाई शुभ असतं म्हणून?”

“तसं न्हाई. तुमच्या दह्यात जंतू असतात ना, ते बराबर जांभळे आले. लाखो होते! एकजात चांगले! सरांनी कौतुक केलं.”

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या उठल्या, खिडकी लावली आणि मला जवळ ओढलं.

“हळू बोल. माझ्या दह्यात जंतू म्हणून गल्लीत सांगत फिरशील तर बघ. तीस वर्सं झाली, कुणी नाव ठिवलं न्हाई माझ्या दह्याला.”

मी बसून त्यांना सगळं समजावलं, की ते नसतील तर दही लागणारच नाही, दूध नुसतं दूधच राहील. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजी इतकी वर्सं मी ते पाळून राह्यले?”

“हो.”

“आन् आज ते तुझ्या कामी आले?”

“हो.”

“मंग पाळल्याचं सार्थक झालं.” आणि खिडकी त्यांनी परत उघडली.

निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते, आणि प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे. मामंजींनी मार्कलिस्ट हातात घेतली, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आवाज चांगला हाय.” मग दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी पातेल्याबरोबर माझा निकालही दाखवला. कुणी विचारलं, कोणत्या विषयात, तर म्हणायचे, “रंगाच्या. अवघड असतो.”

मी पुढं शिकले. खर्चा त्यांनी शब्दाप्रमाणे दिला. मग अंकुशनगरला गेले, बिऱ्हाड मांडलं, आणि तिथून रोज बसनं अंबडला एका कॉलेजात मुलींना प्रॅक्टिकल शिकवायला जायला लागले. ट्रंकेवरचं नाव फिकं झालं होतं पण वाचता येत होतं. मोरी खरंच मोठी होती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी सोबतीला म्हणून आत्याबाई अंकुशनगरला आल्या होत्या. सकाळी मी निघाले तशी त्यांनी देवापुढं उभं केलं. हातावर दही-साखर ठेवली. मी खाऊन हात पुसायला लागले तर त्यांनी पदराआडून एक झाकणाची डबी काढून माझ्या पिशवीत घातली.

“ही काय?”

“हातावरचं तुझ्यासाठी दिलं,” त्या म्हणाल्या. “हे त्या पोरींच्या काचंला. आन् सांग त्यांना, जास्त धुऊ नका म्हणावं.”